फेड दिला तरी फोटोच्या कडेला रेघ राहते, तेव्हा काय तपासावं

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी एका शाळेचा दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स केला होता. उजवीकडे त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा जुना काळा-पांढरा फोटो, डावीकडे मजकूर, मागे केशरी पहाट. फोटोची डावी कड त्या केशरीत विरघळून जावी, म्हणजेच फेड व्हावी, म्हणून लेयर मास्कवर (फोटोचा कुठला भाग दिसावा, कुठला लपावा हे ठरवणारा थर) ग्रेडियंट, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची उतरती छटा ओढली. स्क्रीनवर सुरेख दिसत होतं. १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदनाला गेलो. ऊन फ्लेक्सवर चढलं आणि स्वामीजींच्या शेजारी वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ उमटलेली दिसली. मुख्याध्यापक सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, “स्वामीजींच्या मागं दाराची चौकट हाय का? तसंच दिसायलंय.”

चौकट नव्हती. फोटो जिथं संपत होता ती त्याची कड होती.

स्वामीजी आमच्या अंबाजोगाईत शिक्षक म्हणून राहिलेले. गावातल्या जुन्या घरांत त्यांची आठवण अजून निघते. त्या फोटोत माझ्या हातून अशी चूक राहिली हे मला फार लागलं. त्या दिवशी घरी येऊन मी ती फाइल उघडली आणि रेघ नेमकी कशामुळे आली ते शोधून काढलं. त्यानंतर लग्नाच्या अल्बममध्ये, नवरात्राच्या बॅनरमध्ये, श्रद्धांजलीच्या बोर्डात हीच रेघ वेगवेगळ्या कारणांनी पुन्हा पुन्हा भेटली. लातूर, परळीकडचे डिझाइन करणारे मित्रही फोन करून हेच विचारतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो. मी फोटोशॉपवर काम करतो, तेव्हा बटणांची नावं तिथलीच आहेत. गिंप आणि फोटोपिया या त्याच कामाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमांबद्दल पुढे थोडं सांगतो.

मास्कमध्ये पांढरं म्हणजे फोटो दिसणार, काळं म्हणजे लपणार, करडं म्हणजे अर्धवट दिसणार, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आपण फसतो ते “काळं” या शब्दावर. डोळ्याला काळा वाटणारा मास्क खरोखर काळा असतोच असं नाही. ० ते २५५ या मोजपट्टीवर तो १२ असला तरी डोळ्याला काळाच दिसतो. पण १२ म्हणजे जवळजवळ पाच टक्के फोटो तिथं अजून शिल्लक आहे. तो पाच टक्के फोटो जिथं एकदम संपतो तिथं रेघ उमटते.

माझ्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं होतं. दहा बाय आठचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल) ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतो. तो पूर्ण दिसावा म्हणून मी १२.५ टक्के झूमवर काम करत होतो. ग्रेडियंट स्वामीजींच्या खांद्यापासून सुरू करून फोटोच्या कडेपर्यंत न्यायचा होता, म्हणजे १२०० पिक्सेल. माउस सोडताना मी कडेच्या थोडा बाहेर गेलो. किती, तर ६० पिक्सेल. १२.५ टक्के झूमवर ते स्क्रीनवरचे साडेसात पिक्सेल भरतात, हात जरा हलला तरी तेवढं होतं. पण ग्रेडियंट १२६० पिक्सेलांवर पूर्ण काळा होणार होता आणि फोटो १२०० वरच संपत होता. म्हणजे कडेला पाच टक्के शिल्लक. जुन्या फोटोची पार्श्वभूमी गडद होती, खालच्या लेयरमध्ये उजळ केशरी होतं, त्यामुळे एवढासा फरकही सहा-सात फूट लांबीच्या सरळ रेघेत उठून दिसला. सरळ रेघ पकडण्यात माणसाची नजर फार तयार असते. विखुरलेला डाग सुटेल, रेघ सुटत नाही.

आता ही रेघ छापायच्या आधी कशी पकडायची ते सांगतो. या चाचणीला अर्धा मिनिट लागतो आणि माझी आता एकही फाइल तिच्याशिवाय बाहेर जात नाही.

लेयर पॅनलमध्ये कंट्रोल दाबून फोटोच्या छोट्या चौकोनावर क्लिक करा, मास्कच्या नव्हे. फोटोच्या हद्दीभोवती मुंग्यांची रांग, म्हणजे निवडीची हलती तुटक रेघ, फिरायला लागेल. मग ऑल्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक करा. फोटो जाईल आणि नुसता मास्क समोर येईल. मुंग्यांच्या रांगेच्या आत, कडेला लागून, काळा पट्टा आहे का ते बघा. दिसत असला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. कंट्रोल आणि एल दाबून लेव्हल्स उघडा आणि उजवीकडची पांढरी सरकपट्टी ओढत पार डाव्या टोकाजवळ आणा. जिथं जिथं थोडंसुद्धा करडं असेल ते झटकन पांढरं होईल. खरं काळं काळंच राहील. रांगेच्या आत कडेला पांढरं उजळलं, तर तुमची रेघ तिथंच आहे. बघून झालं की कॅन्सल करा, ओके दाबू नका. आणि कंट्रोल-डी ने निवड सोडा, नाहीतर पुढचं काम निवडलेल्या भागातच अडकेल.

दुरुस्तीचा झटपट मार्गही लेव्हल्समधूनच जातो. मास्क निवडलेला असताना डावीकडची काळी सरकपट्टी ० वरून २० वर आणा आणि ओके करा. २० च्या खालचं सगळं शून्य होतं, शिल्लक राहिलेले १२ मिटतात. पण पट्टी ४०-५० पर्यंत न्यावी लागत असेल तर ओढाताण करू नका. उरलेल्या छटा ताणल्या जातात आणि फेडमध्ये पायऱ्या दिसायला लागतात. त्यापेक्षा ग्रेडियंट नव्याने ओढलेला बरा.

तो ओढायची माझी पद्धत आता उलटी आहे. पूर्वी चेहऱ्याकडून कडेकडे जायचो, आता कडेकडून चेहऱ्याकडे जातो. मास्कवर क्लिक करायचं, डी दाबायचं, मग एक्स दाबायचं, म्हणजे पुढे काळा रंग येतो. फोटोच्या कडेपासून शंभरेक पिक्सेल आत माउस ठेवायचा, शिफ्ट दाबून चेहऱ्याच्या दिशेने ओढायचं आणि खांद्याजवळ सोडायचं. जिथून सुरुवात केली त्याच्या मागचं सगळं आपोआप पूर्ण काळं होतं. कड त्या काळ्याच्या पोटात राहते. हात दहा पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही.

हे करूनही फोटो पुसट दिसतच राहत असेल तर मास्कवर क्लिक करून प्रॉपर्टीज पॅनल बघा. तिथं डेन्सिटी नावाची पट्टी असते. ती १०० च्या खाली असली की मास्कमधलं काळं कितीही पक्कं असो, ते करड्यासारखं वागतं. माझ्या मावसभावाने एका अल्बममध्ये दोन तास ब्रशने काळं फासलं, फोटो काही जाईना. डेन्सिटी ९० वर होती. अगोदर कुणीतरी तीच फाइल टेम्प्लेट म्हणून वापरून ठेवलेली. आयत्या टेम्प्लेटवर काम करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

ब्रशने फेड देणाऱ्यांचा त्रास थोडा वेगळा. ऑपॅसिटी २० टक्के ठेवून पाच-सहा वेळा फिरवलं की पूर्ण काळं झालं असं वाटतं. होत नाही. दर वेळी उरलेल्यातले वीस टक्केच जातात, सहा हातांनंतरही पाव भाग शिल्लक असतो. चेहऱ्याजवळचं मऊ काम कमी ऑपॅसिटीने करा, पण फोटोच्या अगदी कडेला शेवटी १०० टक्के ऑपॅसिटीचा मोठा मऊ ब्रश एकदा फिरवाच.

नवीन शिकणाऱ्या पोरांची सगळ्यात पहिली अडचण मात्र ही नसतेच. “दादा, फेड द्यायलोय तर फोटोवर काळा पट्टा यायलाय,” अशी तक्रार असते. मास्क लावलाय, पण निवडलेला आहे फोटो. ज्या चौकोनाभोवती पांढरी चौकट असते तो निवडलेला. फाइलच्या नावापुढे लेयर मास्क असं लिहून येतं, तेही बघता येतं. २०२३ पासूनच्या नव्या आवृत्त्यांत यात भर पडलीय. ग्रेडियंट टूलला वरच्या पट्टीत ग्रेडियंट आणि क्लासिक ग्रेडियंट असे दोन पर्याय आलेत. मास्कऐवजी फोटो निवडलेला राहिला आणि पहिला पर्याय चालू असला तर पॅनलमध्ये वेगळाच ग्रेडियंट फिलचा लेयर तयार होतो आणि सगळं डिझाइन झाकून टाकतो. घाबरू नका, तो लेयर काढून टाका, मास्कवर क्लिक करा, क्लासिक निवडा.

डाव्या बाजूचा फेड छान झाला, मग खालच्या बाजूला दिला, तर डावीकडचा गेला, असंही होतं. ग्रेडियंट काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा असेल तर दुसरा ओढला की पहिला पुसला जातो, कारण तो सबंध मास्क नव्याने भरतो. दुसऱ्या वेळी काळ्याकडून पारदर्शकाकडे जाणारा निवडा, किंवा वरच्या पट्टीत मोड मल्टिप्लाय करा. मग काळ्यावर काळं चढत जातं, आधीचं जात नाही.

गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असताना होणारी गडबड निराळी. “फोटू जरा अलीकडं घ्या की.” आपण घेतो आणि कड उघडी पडते. फोटो आणि मास्क यांच्यामधली साखळी तुटलेली असते, त्यामुळे फोटो सरकतो आणि फेड जागच्या जागी राहतो. साखळीच्या जागी क्लिक करून ती जोडा आणि मग हलवा. साहेबांचा फोटो दर वर्षी बदलणार हे ठरलेलंच असेल, तर फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट (आतला फोटो बदलता येतो असा लेयर) करून ठेवा आणि मास्क त्याच्यावर लावा. रिप्लेस कंटेंट्स केलं की नवा फोटो जुन्याच फेडमध्ये येऊन बसतो. नव्या फोटोची लांबी-रुंदी वेगळी असली तर कडेची चाचणी मात्र पुन्हा करायची.

आता अल्बमचं. बारा बाय छत्तीस इंचांचा करिझ्मा प्रकारचा लग्नाचा अल्बम करणाऱ्यांना रेघ एकच येत नाही, पट्टेच्या पट्टे येतात, विशेषतः नवरा-नवरीच्या मागे संध्याकाळचं आभाळ किंवा साधा रंग असतो तेव्हा. याचं कारण हिशोबात आहे. ३०० डीपीआयला त्या पानाची रुंदी १०८०० पिक्सेल. अर्ध्या पानावर फेड दिला तर ५४०० पिक्सेल. आठ बिटच्या मास्कमध्ये छटा जास्तीत जास्त २५६. म्हणजे एकेक छटा २१ पिक्सेल रुंद, कागदावर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. फेड पूर्ण पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत न जाता मधूनच सुरू होत असेल तर छटा आणखी कमी आणि पट्टे आणखी रुंद. ज्या फोटोत साडीची जर आहे, मांडवाची फुलं आहेत, तिथं हे लपून जातं. सपाट रंगावर लपत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे. ग्रेडियंट टूलच्या वरच्या पट्टीत डिदरची खूण चालू आहे का बघा. ती शेजारच्या छटांचे ठिपके एकमेकांत मिसळते. तेवढ्याने भागलं नाही तर इमेज, मोड इथं जाऊन १६ बिट करा आणि मग ग्रेडियंट ओढा. आधी ओढलेला ग्रेडियंट नंतर १६ बिट केल्याने सुधारत नाही, छटा होत्या तेवढ्याच राहतात. मास्कवर एक टक्का नॉइज घाला असाही सल्ला बरेच जण देतात. त्यात एक धोका आहे. नॉइज पूर्ण काळ्या भागावरही पडतो आणि लपलेल्या फोटोचे बारीक कण वर येतात, म्हणजे कड परत दिसायला लागते. नॉइज घालायचाच असेल तर आधी फक्त फेडचा पट्टा निवडा, कडेचा काळा भाग बाहेर ठेवा.

एक गोष्ट मला बरीच वर्षं कोड्यात टाकत होती. मास्क तपासला, कडेला शुद्ध काळं, पट्टे नाहीत, तरी जिथून फेड सुरू होतो तिथं एक उजळ रेघ आणि जिथं संपतो तिथं एक गडद रेघ असल्यासारखी वाटायची. पिक्सेल मोजले तर तिथं काहीच नाही. ती रेघ फाइलमध्ये नसतेच, आपल्या डोळ्यांत तयार होते. सपाट रंग आणि उतरता रंग जिथं मिळतात त्या सांध्यावर डोळा फरक वाढवून दाखवतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माख पट्टे म्हणतात. गिऱ्हाइकाला हे सांगून उपयोग नाही, त्याला रेघ दिसते म्हणजे दिसते. उपाय असा की सांधा गोलसर करायचा. मास्क निवडून गॉशियन ब्लर द्या, फेडच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्याइतका. १२०० पिक्सेलांचा फेड असेल तर १०० ते १२० पिक्सेल. उताराची दोन्ही टोकं मऊ होतात आणि ती रेघ विरते. फक्त ब्लर दिला की काळ्या भागात करडं थोडं सरकतं, म्हणून कडेला भरपूर काळं आधीच सोडलेलं हवं. एवढा ब्लर द्यायचा असेल तर शंभराऐवजी तीनशे-साडेतीनशे पिक्सेल आतून सुरुवात करा. आणि ब्लरनंतर लेव्हल्सची चाचणी पुन्हा.

रेघ नाही, पण फेड मळकट दिसतो, हे श्रद्धांजलीच्या बोर्डात नेहमी होतं. घरचे लोक मोबाइलवरचा फोटो देतात. मागे काळपट भिंत, नाहीतर ट्रॅक्टरचं चाक, नाहीतर लग्नातली गर्दी. आणि बोर्डाचा खालचा रंग पांढरा किंवा फिकट पिवळा. अर्धवट पारदर्शक काळपट भिंत पिवळ्यावर आली की मातकट रंग होणारच. मास्कचा यात दोष नाही, तो कितीही नीट केला तरी मळ जात नाही. आधी माणसाला पार्श्वभूमीपासून वेगळं करा, मागे खालच्या रंगाच्या जवळचा रंग भरा, आणि मग फेड द्या. वेळ जास्त लागतो. पण ते घर त्या बोर्डासमोर उभं राहून चेहरा बघणार असतं, तो चेहरा धुरातून आल्यासारखा दिसू नये. असं काम रात्री अकराला आलं तरी मी पार्श्वभूमी साफ केल्याशिवाय देत नाही.

स्वामीजींच्या फोटोसारखे जुने काळे-पांढरे फोटो केशरीवर घेताना मी आणखी एक करतो. फोटोची पार्श्वभूमी कर्व्ह्जने आधी थोडी उजळून घेतो, म्हणजे गडद आणि उजळ यांच्यातलं अंतर कमी होतं आणि फेडला झगडावं लागत नाही.

फाइल देताना होणारे घोटाळे थोडक्यात. फेड पारदर्शक ठेवून जेपीजी केली तर पारदर्शकपणा जातो आणि तिथं पांढरं भरतं. कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं असेल तर पीएनजी करा. ती पीएनजी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की जेपीजी होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आरजीबीतून (स्क्रीनचे रंग) सीएमवायकेत (छपाईचे रंग) जाताना लेयर उघडे ठेवले तर फेडमधले मिश्र रंग बदलतात. मूळ फाइल जपून ठेवा, दुसऱ्या नावाने सेव्ह करून फ्लॅटन करा आणि मग सीएमवायके करा.

गिंप वापरणाऱ्यांना मास्कची मूळ गोष्ट तशीच लागू आहे, फक्त बटणं आणि सोयी काही ठिकाणी वेगळ्या आहेत. मास्क एकटा बघायला तिथंही ऑल्ट आणि क्लिक. पण मास्क तात्पुरता बंद करायला फोटोशॉपमध्ये शिफ्ट आणि क्लिक, तर गिंपमध्ये कंट्रोल आणि क्लिक. गिंप २.१० पासून ग्रेडियंट ओढल्यावर त्याची दोन्ही टोकं कॅनव्हासवर पकडून हलवता येतात. आधी ओढायचं, मग १०० टक्के झूम करून टोक कडेच्या आत आणायचं, मग एंटर. कमी रॅमच्या जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांनी हे करून बघावंच. फोटोपिया ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी उघडतं, आणि तिथली रचना फोटोशॉपसारखीच असल्याने वरचे उपाय शोधावे लागत नाहीत.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे १७ तारीख, गणपती, नवरात्र हे सगळं पाठोपाठ येतं आणि मशीनवर रांग लागते. तेव्हा पूर्ण फ्लेक्सचा नमुना कुणी काढून देत नाही. पण फेडच्या कडेचा एक बाय एक फुटाचा तुकडा क्रॉप करून, खऱ्या मापात, दुसऱ्या कुणाच्या फ्लेक्सच्या उरलेल्या कडेला छापून द्या म्हटलं तर छापणारे नाही म्हणत नाहीत. तो तुकडा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका. बाहेर उन्हात धरा, आठ-दहा पावलं मागे जा आणि मग बघा. त्या शाळेचा फ्लेक्स मी पुढच्या वर्षी असाच तुकडा बघून छापायला दिला. सरांनी तो गेटवर बांधून घेतला आणि या वेळी चौकटीचं नाव निघालं नाही.